मानवी हक्क संस्थेची नोंदणी, कारभार आणि हिशेब : महाराष्ट्रातील पात्रता, कागदपत्रे व अर्जाची पद्धत

कोठडीतील मारहाण, वेठबिगारी, विस्थापितांचे पुनर्वसन किंवा जातीय अत्याचार अशा प्रश्नांवर काम करणारे गट बहुधा आधी कामाला लागतात आणि नोंदणीचा विचार नंतर करतात. बँकेत खाते उघडायची, देणगीची पावती द्यायची किंवा एखाद्या न्यासाकडे निधीसाठी अर्ज करायची वेळ आली, की मात्र कायदेशीर रूप घेण्यावाचून गत्यंतर नसते. अशा गटापुढे तीन मार्ग असतात : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था स्थापन करणे, न्यासपत्र करून सार्वजनिक न्यास निर्माण करणे, किंवा कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली नफा न वाटणारी कंपनी काढणे. न्यासात विश्वस्तांचे मंडळ लहान असते आणि सभासदांना त्याची निवड करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. कंपनीचा कारभार शिस्तीचा असला, तरी तिची वार्षिक विवरणपत्रे छोट्या गटाला पेलत नाहीत. ज्या संघटनेला इतरांकडे उत्तरदायित्व मागायचे आहे, तिने स्वतःच्या सभासदांना उत्तरदायी असावे हे ओघाने येते. म्हणून बहुतेक गटांना १८६० च्या कायद्याखालील संस्थाच अधिक योग्य ठरेल, आणि पुढील माहिती मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पात्रतेची पहिली अट म्हणजे किमान सात सभासद. दुसरी अट उद्देशांची आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ९ मध्ये धर्मादाय प्रयोजनाची व्याख्या दिली आहे. तीत गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत अशा बाबी नावानिशी आहेत, परंतु मानवी हक्कांचे संरक्षण असा स्वतंत्र उल्लेख नाही. हे काम ‘सर्वसामान्य लोकोपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट’ या व्यापक शब्दप्रयोगात बसवावे लागते, आणि आयकर कायद्यातही जवळजवळ हीच रचना आहे. त्यामुळे विधानपत्रात, म्हणजे संस्थेचे नाव व उद्देश सांगणाऱ्या मूळ कागदात, ‘मानवी हक्कांसाठी लढणे’ एवढेच लिहून न थांबता काम नेमके सांगावे : गरजूंना मोफत कायदेविषयक साहाय्य देणे, कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी मदत करणे, संविधानातील मूलभूत हक्कांविषयी प्रशिक्षण देणे, अत्याचारपीडितांना वैद्यकीय उपचार व समुपदेशन मिळवून देणे, सत्यशोधन करून अहवाल प्रसिद्ध करणे. यांपैकी काही कामे गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत या नावानिशी दिलेल्या प्रकारांतही मोडतात आणि अर्ज तेवढा भक्कम होतो. मोघम उद्देश अधिकाऱ्यापुढेही अडतो आणि पुढे एखादा खर्च उद्देशाबाहेरचा आहे असा आक्षेप आला, तर लेखापरीक्षकापुढेही अडतो.

नाव निवडताना ‘आयोग’ हा शब्द टाळावा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग हा मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ खाली निर्माण झालेला वैधानिक आयोग आहे, आणि महाराष्ट्राचा राज्य आयोग २००१ पासून मुंबईत काम करीत आहे. खासगी संस्थेने तसाच भासणारा शब्द, राजमुद्रा किंवा ओळखपत्र वापरणे दिशाभूल करणारे तर आहेच, शिवाय शासनाच्या आश्रयाचा आभास निर्माण करणाऱ्या नावांना बोधचिन्हे व नावे यांविषयीचा १९५० चा केंद्रीय कायदा मनाई करतो. लाल अक्षरांत ‘मानवाधिकार’ लिहिलेल्या गाडीतून फिरणाऱ्या मंडळींमुळे या शब्दाचा जो बदलौकिक झाला आहे, त्याची झळ प्रामाणिक अर्जदारालाही बसते.

अर्ज जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात, सहायक संस्था निबंधकांकडे, करायचा असतो. अर्जासोबत संस्थेचे विधानपत्र जोडावे लागते. त्यात नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळातील प्रत्येकाचे नाव, पत्ता व व्यवसाय द्यावा लागतो आणि त्यावर किमान सात सभासदांच्या सह्या असाव्या लागतात. त्याला नियम व नियमावलीची प्रत जोडायची असून ती कार्यकारी मंडळाच्या किमान तीन सदस्यांनी खरी असल्याचे प्रमाणित केलेली असावी. याशिवाय सभासदांची ओळख व पत्त्याचे पुरावे, मंडळावर काम करण्याची संमतीपत्रे, पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीला दिलेले अधिकारपत्र, प्रतिज्ञापत्र, आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे ना-हरकत पत्र व त्यासोबत वीजबिल किंवा घरपट्टीची पावती मागितली जाते. शुल्क व कोर्ट फी स्टॅम्पाची रक्कम अर्जाच्या वेळी कार्यालयातच विचारून घ्यावी.

येथे नियमावलीविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बाजारात तयार मिळणारी नियमावली जशीच्या तशी सही करून देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ तिच्यात असते. कार्यकारिणीची मुदत किती वर्षांची, सभासदत्व कसे मिळते व कशाने संपते, सभेची सूचना किती दिवस आधी व कोणत्या मार्गाने द्यायची, गणपूर्ती किती, मुदत संपूनही निवडणूक झाली नाही तर कोण काय करणार, बँकेच्या खात्यावर कोणत्या दोघांच्या सह्या चालतील, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर नियमावलीत असले पाहिजे. कार्यकारिणीत एकाच घरातील दोघेतिघे घेऊ नयेत आणि पगारी कार्यवाहाला स्वतःच्या मानधनाच्या ठरावावर मतदान करू देऊ नये. संस्थापक, विश्वस्त किंवा त्यांच्या नातलगांना संस्थेच्या पैशाचा गैरवाजवी लाभ झाल्यास आयकरातील सवलत गमवावी लागते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण आहे.

संस्थेचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे नोंदणी संपली असे महाराष्ट्रात होत नाही. धर्मादाय उद्देशाची संस्था येथे सार्वजनिक न्यासही मानली जाते. त्यामुळे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १८ खाली तीन महिन्यांच्या आत दुसरा अर्ज द्यावा लागतो. तो अनुसूची २ च्या नमुन्यात असतो आणि त्यात विश्वस्तांची नावे, त्यांच्या उत्तराधिकाराची पद्धत, स्थावर-जंगम मालमत्ता, उत्पन्नाची साधने व अंदाजे वार्षिक उत्पन्न-खर्च यांचा तपशील द्यायचा असतो. सहायक किंवा उपधर्मादाय आयुक्त कलम १९ प्रमाणे चौकशी करतात, आपले निष्कर्ष नोंदवतात आणि मग सार्वजनिक न्यास नोंदवहीत संस्थेची नोंद होते. संस्थांचे क्रमांक ‘एफ’ या अक्षराने सुरू होतात. या नोंदवहीचा उतारा, ज्याला कार्यालयात सर्रास ‘शेड्यूल वन’ म्हणतात, हाच पुढे बँक, आयकर विभाग व देणगीदार यांच्या दृष्टीने संस्थेचा खरा जन्मदाखला ठरतो.

या उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत तेच बाहेरच्या जगाला विश्वस्त म्हणून दिसतात. म्हणूनच कलम २२ खालील बदल अर्ज, बोलीभाषेत ‘चेंज रिपोर्ट’, हा कारभारातील सर्वांत महत्त्वाचा कागद आहे. निवडणूक, राजीनामा, मृत्यू, पत्ता बदलणे, जागा घेणे, असा कोणताही बदल झाला की ९० दिवसांच्या आत अनुसूची ३ च्या नमुन्यात तो कळवावा लागतो. सोबत सभेची सूचना, ती सर्वांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितांच्या सह्या, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे आणि जाणाऱ्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले जोडायचे असतात. विलंब झाला असल्यास माफीचा स्वतंत्र अर्ज व त्याची कारणे द्यावी लागतात. हे काम पाच पाच वर्षे राहून गेलेल्या संस्था थोड्या नाहीत. उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचे नाव तसेच असते, मधल्या दोन निवडणुकांचे अर्ज प्रलंबित असतात आणि तेवढ्यात दुसऱ्या गटाने स्वतःची सभा घेऊन समांतर अर्ज केलेला असतो. मग पुरावे, उलटतपासणी, असे सगळे दिवाणी दाव्यासारखे चालते. निर्णयाविरुद्ध कलम ७० खाली धर्मादाय आयुक्तांकडे अपील आणि त्यानंतर कलम ७२ खाली न्यायालयात अर्ज करता येतो, पण तोवर बँक सह्या बदलून देत नाही आणि काम थांबते. सूचनेच्या पोचपावत्या जपून ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

हिशेबाचे नियम तुलनेने सरळ आहेत. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करावेत, सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत आणि ताळेबंद अनुसूची ८ मध्ये व उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची ९ मध्ये तयार करून लेखापरीक्षण अहवाल सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेर, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. स्थावर मालमत्ता विकणे, गहाण ठेवणे, किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाड्याने देणे यासाठी कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. संस्थेसाठी कर्ज काढायलाही ती लागते, हे पुष्कळांना माहीत नसते. पगार थकले म्हणून एखाद्या हितचिंतकाकडून उसने घेतलेले पैसेही लेखापरीक्षक अहवालात दाखवू शकतात.

आयकराच्या सवलतीसाठी दोन स्वतंत्र मान्यता घ्याव्या लागतात. एकीने संस्थेचे उत्पन्न करमुक्त होते आणि दुसरीने देणगीदाराला वजावट मिळते. त्या अनुक्रमे १२-ए व ८०-जी या नावांनी ओळखल्या जातात. १९६१ च्या कायद्यात नव्या संस्थेला फॉर्म १०-ए भरून तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी आणि पुढे फॉर्म १०-एबी भरून नियमित नोंदणी मिळत असे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून जुन्या अर्जाची नक्कल करण्यापूर्वी विभागाच्या संकेतस्थळावरील चालू नमुना पाहावा. अर्जाला पॅन, दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रे, विधानपत्र व नियमावली, कामाचा अहवाल आणि असतील ते लेखापरीक्षित हिशेब जोडावे लागतात. सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्देशांवर खर्च व्हावा लागतो. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही आणि निनावी देणग्या ठरावीक मर्यादेपलीकडे ३० टक्के दराने करपात्र होतात. मानवी हक्कांच्या कामाला मदत करणाऱ्यांना नाव उघड होऊ नये असे वाटणे स्वाभाविक असते, तरीही संस्थेच्या दप्तरी नाव व पत्ता असलाच पाहिजे. प्रसिद्धी टाळणे वेगळे आणि नोंद टाळणे वेगळे.

परदेशी निधीचा भाग सर्वांत जोखमीचा आहे. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली केंद्रीय गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय परदेशी स्रोताकडून एक रुपयाही घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या उद्देशांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. अर्ज एफसी-३ए या नमुन्यात ऑनलाइन करायचा असून त्याआधी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरील ओळखक्रमांक आणि नवी दिल्लीत संसद मार्गावरील भारतीय स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खाते लागते. तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, कामाचे अहवाल, नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रमुख पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावी लागतात. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक देण्याची अट २०२० च्या दुरुस्तीने आली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२२ रोजी नोएल हार्पर प्रकरणात दुरुस्ती वैध ठरवताना भारतीय नागरिकांना पासपोर्टही देता येईल असा अर्थ लावला. नव्या संस्थेने नोंदणीऐवजी एफसी-३बी नमुन्यात विशिष्ट देणगीदार व विशिष्ट कामासाठी पूर्वपरवानगी मागावी. तिला देणगीदाराचे वचनपत्र व प्रकल्पाचा तपशील लागतो.

हक्कांच्या क्षेत्रातील संस्थांना भेडसावणारा प्रश्न ‘राजकीय स्वरूपाची संघटना’ या याच २०१० च्या कायद्याच्या कलम ५ मधील संकल्पनेचा आहे, कारण तसे घोषित झालेल्या संघटनेला परदेशी निधी घेता येत नाही. बंद, हरताळ, रास्ता रोको यांचा मार्ग अवलंबणारी संघटना नियमांनुसार या व्याख्येत येत असे. इन्साफ या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले, की सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेला केवळ अशा सनदशीर मार्गांमुळे राजकीय ठरवता येणार नाही. तरीही निवडणूक लढवणारा किंवा पक्षाचा पदाधिकारी कार्यकारिणीत ठेवून हा वाद ओढवून घेण्यात शहाणपण नाही.

खर्चाची मर्यादाही नीट समजून घ्यावी. परदेशी निधीपैकी २० टक्क्यांहून अधिक रक्कम प्रशासकीय खर्चावर वापरता येत नाही, तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाच्या व्याख्येत कार्यालयाच्या भाड्याबरोबर कायदेविषयक व व्यावसायिक शुल्कही येते. मोफत वकील देणे हेच जिचे काम, अशा संस्थेने पीडितांच्या खटल्यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आणि हिशेबात कार्यालयीन वकिली खर्चापासून पहिल्यापासून वेगळा दाखवावा. नंतर केलेली विभागणी पटवून देणे कठीण जाते.

अमेरिकेतील किंवा आखातातील मराठी मंडळींकडून मदत येते तेव्हा देणगीदार कुठे राहतो यापेक्षा त्याचे नागरिकत्व कोणते हे पाहावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी अंशदान ठरत नाही. परकीय नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परकीय नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) असले तरी ती परदेशी स्रोत ठरते. म्हणून प्रत्येक देणगीदाराकडून पारपत्राची प्रत व स्वघोषणापत्र आधी घ्यावे आणि मगच खाते क्रमांक कळवावा.

परदेशी निधीसाठीची नोंदणी मिळाल्यावर वार्षिक विवरणपत्र एफसी-४ हे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते, आणि ज्या वर्षी परदेशातून काहीच आले नाही त्या वर्षीही निरंक म्हणून भरावे लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असून नूतनीकरणाचा अर्ज एफसी-३सी नमुन्यात करायचा असतो. मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी अर्ज करावा, असे गृहमंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये संस्थांना कळवले. पदाधिकारी बदलले असतील, तर नूतनीकरणाच्या अर्जातील नावे आणि धर्मादाय नोंदवहीतील नावे जुळली पाहिजेत. त्यासाठी बदल अर्ज किमान वर्षभर आधी दाखल झालेला असावा. नोंदणी रद्द झाल्यास तीन वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही आणि परदेशी निधीतून उभी राहिलेली मालमत्ता शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते.