स्विचिंग फॅब्रिक, डेटा सेंटरमधील

डेटा सेंटरमधील सर्व्हर एकमेकांशी जोडणाऱ्या स्विचांची (येणारा डेटा योग्य दिशेला वळवणाऱ्या उपकरणांची) एकत्रित रचना. कोअर, वितरण आणि अ‍ॅक्सेस ही तीन थरांची जुनी मांडणी मागे पडून सु. २०१० नंतर लीफ-स्पाइन ही दोन थरांची मांडणी रूढ झाली. प्रत्येक रॅकमधील लीफ (खालच्या थराचा) स्विच सर्व स्पाइन (वरच्या थराच्या) स्विचांना जोडलेला असतो. केबल टाकण्याची ही पद्धत सिस्को, अरिस्टा, जुनिपर या विक्रेत्या कंपन्यांत सारखीच आहे. भेद असतो तो कोणता सर्व्हर कोठे आहे याची नोंद कोण ठेवतो यात, आणि त्याहून अधिक, आतल्या चिपला काय जमत नाही यात.

उगम : रचनेचे मूळ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे, श्रेयाबद्दल मात्र मतभेद आहेत. बहुतेक संदर्भांत बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांचे नाव येते. त्यांचा निबंध १९५३ मध्ये छापला गेला. काही ठिकाणी १९५२ हे वर्ष आढळते. एडसन अर्विन यांनी ही कल्पना १९३८ मध्येच मांडली होती असेही म्हटले जाते. कल्पना आधीची असली तरी किती स्विच पुरेसे याचे गणित क्लॉस यांनी बसवले, आणि पुढे उपयोगी पडले ते हे गणितच. म्हणून रचनेला त्यांचे नाव देणे अधिक योग्य वाटते.

हे गणित आगम, मधला आणि निर्गम अशा तीन टप्प्यांच्या रचनेचे : पहिल्या टप्प्यातील प्रत्येक स्विचला ‘क’ आगम (आत येणाऱ्या जोडण्या) असतील, तर मधल्या टप्प्यात २क − १ स्विच हवेत. नव्या कॉलच्या आगम-स्विचवरील इतर कॉल फार तर क − १ मधले स्विच अडवतील, निर्गम-स्विचवरील कॉल आणखी क − १ अडवतील. त्याउपर एक मोकळा असला की चालू कॉल न हलवता नवा कॉल जोडता येतो. चालू कॉल हलवण्याची मुभा असेल, तर ‘क’ स्विचही पुरतात. विक्रीपत्रकांतील ‘नॉन-ब्लॉकिंग’ (न अडवणारे) हा शब्द येथून आला. पण पॅकेटच्या (डेटाच्या छोट्या तुकड्यांच्या) जाळ्याला तो लावताना सावध राहावे. तेथे मार्ग आधी राखून ठेवलेला नसतो. ईसीएमपी (समान खर्चाच्या मार्गांत वाहतूक वाटण्याच्या) पद्धतीत स्विच दोन्ही बाजूंचे आयपी पत्ते, दोन्ही पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल यांचे हॅश (ठरावीक सूत्राने येणारा आकडा) काढून प्रत्येक प्रवाहाला एक अपलिंक (वरच्या स्विचकडे जाणारी जोडणी) नेमून देतो. दोन मोठे प्रवाह एकाच अपलिंकवर पडले, तर शेजारची रिकामी असूनही पॅकेट गळतात.

चार्ल्स लायसरसन यांच्या १९८५ मधील फॅट-ट्री या झाडासारख्या रचनेत मुळाकडे जाताना जोडण्यांची क्षमता वाढत जाते. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये हेच नाव वापरून सर्व स्विच एकसारखे ठेवले. त्यांच्या सूत्रानुसार ‘प’ पोर्टांचे स्विच घेतल्यास प³/४ सर्व्हर जोडता येतात. ४८ पोर्ट असल्यास २७,६४८. व्यवहारात इतकी पूर्ण क्षमता क्वचितच विकत घेतली जाते. २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट खाली (सर्व्हरकडे) आणि १०० गिगाबिटचे ६ वर (स्पाइनकडे), म्हणजे १,२०० ला ६००, हे २:१ प्रमाण नेहमीचे आहे.

विक्रेत्यांच्या रचना : सिस्कोच्या नेक्सस २००० या फॅब्रिक एक्स्टेंडरमध्ये (वरच्या स्विचचे पोर्ट रॅकपर्यंत आणणाऱ्या उपकरणात) स्थानिक स्विचिंग नव्हते. एकाच रॅकमधील दोन सर्व्हरांतील पॅकेटही वरच्या स्विचपर्यंत जाऊन परत येई. जुनिपरने २०११ मध्ये जाहीर केलेले क्यूफॅब्रिक याच विचाराचे टोक होते : १२८ नोड (रॅकमधील स्विच), १० गिगाबिटचे ६,१४४ पोर्ट, आणि प्रशासकाला दिसणारा एकच स्विच. आतला प्रोटोकॉल खासगी असल्याने दुसऱ्या कंपनीचा नोड त्यात बसत नसे.

स्पॅनिंग ट्री या, जाळ्यात वर्तुळे होऊ न देणाऱ्या प्रोटोकॉलमुळे निम्म्या जोडण्या बंद ठेवाव्या लागत. त्यावरचा ट्रिल हा उपाय २०११ मध्ये आरएफसी (इंटरनेट प्रमाणांचा दस्तऐवज) ६३२५ म्हणून प्रमाणित झाला. सिस्कोच्या फॅब्रिकपाथने ट्रिलमधील आयएस-आयएस हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल घेतला, पण फ्रेमची (पॅकेटच्या बाह्य आवरणाची) बांधणी वेगळी ठेवली. ब्रोकेडच्या व्हीसीएसने फ्रेम ट्रिलची घेतली, पण मार्ग ठरवण्यासाठी फायबर चॅनेल या साठवण-जाळ्यातील एफएसपीएफ वापरले. एकाच प्रमाणाचा वारसा सांगणारी ही दोन जाळी परस्परांशी जुळत नसत. आयईईई या प्रमाण-संस्थेचे याच हेतूचे ८०२.१एक्यू हे प्रमाण अव्हाया कंपनीने उचलून धरले. डेटा सेंटरमध्ये त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

पुढचा टप्पा व्हीएक्सलॅनचा, म्हणजे फ्रेम आयपी पॅकेटमध्ये गुंडाळून ‘बोगद्या’तून नेण्याचा (आरएफसी ७३४८, २०१४). व्हीलॅनच्या (एकाच जाळ्याच्या आभासी भागांच्या) ४,०९४ क्रमांकांच्या जागी २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १.६ कोटी क्रमांकांचा अवकाश मिळाला. या काळात ब्रॉडकॉमची ट्रायडंट-२ ही चिप अरिस्टाच्या ७०५०एक्स, जुनिपरच्या क्यूएफएक्स५१०० आणि सिस्कोच्या पहिल्या पिढीच्या नेक्सस ९३०० या तिन्हींत होती. तिला एकाच फेरीत व्हीएक्सलॅन उलगडून राउटिंग (आयपी पत्त्यानुसार दुसऱ्या जाळ्यात पाठवणे) करता येत नसे. सिस्कोने शेजारी स्वतःची चिप बसवली. अरिस्टाने पॅकेट त्याच चिपमधून पुन्हा फिरवले, त्यात काही क्षमता खर्ची पडे. जुनिपरने लीफवर केवळ ब्रिजिंग (एकाच जाळ्यात यंत्राच्या मॅक, म्हणजे हार्डवेअर पत्त्यानुसार पाठवणे) ठेवून राउटिंग वरच्या मोठ्या उपकरणांकडे दिले. या तीन मांडण्या पुढे तीन तात्त्विक भूमिका म्हणून मांडल्या गेल्या, हे मूळ लक्षात घेता अतिशयोक्त ठरते. नंतरच्या चिपांत ही मर्यादा गेली आणि प्रत्येक लीफवर गेटवे (राउटिंगचे ठिकाण) असणे ही सर्वमान्य पद्धत झाली.

नोंद ठेवण्याबाबतचा भेद मात्र खरा आहे. ईव्हीपीएन या खुल्या प्रमाणात (आरएफसी ७४३२, २०१५) प्रत्येक लीफ आपल्याकडील मॅक व आयपी पत्ते बीजीपी या मार्ग कळवणाऱ्या प्रोटोकॉलने इतरांना कळवतो. सिस्कोच्या एसीआय या फॅब्रिकमध्ये ही यादी कूप या प्रोटोकॉलने स्पाइनवर जमा होते. लीफला पत्ता ठाऊक नसेल तर तो पॅकेट स्पाइनकडे पाठवतो. स्पाइनलाही ठाऊक नसेल तर ब्रिज होणारे पॅकेट टाकून दिले जाते. स्वतःहून काहीच न पाठवणारा सर्व्हर (जुनी बॅकअप यंत्रे, काही क्लस्टर पत्ते) त्यामुळे ‘अदृश्य’ होतो. त्या ब्रिज डोमेनमध्ये (ब्रिजिंग होणाऱ्या जाळ्यात) अज्ञात पत्त्यांसाठी फ्लडिंग (पॅकेट सगळीकडे पाठवणे) चालू करणे, हा उपाय. एसीआयचे एपिक नियंत्रक, जे सहसा किमान तीन असतात, बंद पडले तरी वाहतूक चालू राहते; फक्त बदल करता येत नाहीत.

संमिश्र (अनेक विक्रेत्यांच्या) जोडणीतील दोष : लीफगणिक वेगळा एएस (स्वायत्त जाळ्याचा) क्रमांक देऊन ईबीजीपीवर (वेगवेगळ्या एएसमधील बीजीपीवर) ईव्हीपीएन चालवल्यास रूट-टार्गेट (कोणते मार्ग कोणी घ्यावेत याची खूण) आपोआप बनवू देऊ नये. त्यात एएस क्रमांक मिसळला की प्रत्येक लीफचे टार्गेट वेगळे होते आणि कोणीच कोणाचे मार्ग घेत नाही. ते हाताने एकसारखे लिहावे. स्पाइनने नेक्स्ट-हॉप (पॅकेट पुढे ज्याच्याकडे जायचे त्याचा पत्ता) बदलता कामा नये. बदलल्यास बीजीपी सत्र उत्तम दिसते, मार्गही दिसतात, पण बोगदा स्पाइनवर संपतो आणि पॅकेट तेथे नाहीसे होते. नेक्ससच्या स्पाइनवर सर्व रूट-टार्गेट राखण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते.

व्हीएक्सलॅनचे आवरण ५० बाइटांचे असते, म्हणून १,५०० बाइट एमटीयूच्या (पॅकेटच्या कमाल आकाराच्या) सर्व्हरसाठी खालचे जाळे किमान १,५५० चे हवे. सामान्यतः ९,००० च्या वर ठेवतात. जुनिपरच्या भौतिक पोर्टवरील एमटीयूत इथरनेटचे १४ बाइटांचे शीर्षक धरलेले असते, सिस्को व अरिस्टात नसते. दोन्हीकडे एकच आकडा टाकला की लहान पिंग (जोडणी तपासणारे पॅकेट) जाते, लॉगिन होते, मोठी फाइल मात्र अडकते. तपासताना पॅकेट न तोडण्याचा बिट लावून मोठ्या आकाराचे पिंग करावे.

सर्व्हर दोन लीफना जोडताना सिस्कोचे व्हीपीसी आणि अरिस्टाचे एमलॅग दोनच स्विचांची जोडी मानतात आणि त्यांच्यात पीअर-लिंक (दोघांमधील जोडणी) लागते. जोडीतील कीपअलाइव्ह (जोडीदार चालू आहे हे कळवणारे संदेश) त्याच पीअर-लिंकवरून नेल्यास, लिंक तुटताच दोन्ही स्विच स्वतःला मुख्य समजतात. ते व्यवस्थापन जाळ्यातून न्यावे. ईव्हीपीएनमधील ईएसआय (सर्व्हरच्या सर्व जोडण्यांना एकच ओळख-क्रमांक देण्याच्या) पद्धतीला पीअर-लिंक लागत नाही.

बफर : ट्रायडंट-२ मध्ये सर्व पोर्टांत मिळून १२ मेगाबाइट बफर (पॅकेट तात्पुरते थांबवण्याची स्मृती) होते, १० गिगाबिटच्या एका पोर्टला ते सगळे मिळाले तरी ९.६ मिलिसेकंदांत रिकामे होई. अनेक सर्व्हर एकाच वेळी एकाला उत्तर देऊ लागले की ते पुरत नाही. ब्रॉडकॉमच्याच जेरिको चिपांसोबत गिगाबाइटमधले बाह्य बफर येते. अरिस्टाने त्याचा जोरदार पुरस्कार केला. मोठ्या बफरने विलंब वाढतो, असा विरुद्ध पक्ष आहे. वेगबदल होतो अशा सीमेवरील स्विचांना मोठे बफर आणि लीफला लहान बफर अधिक ईसीएन (गर्दीची आगाऊ सूचना), ही विभागणी अधिक पटण्यासारखी दिसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्लस्टरांसाठी इन्फिनिबँड (संगणक-समूहांसाठीचा वेगळा जाळ्याचा प्रकार) व इथरनेट यांत स्पर्धा आहे. इन्फिनिबँडचा प्रमुख पुरवठादार मेलानॉक्स २०२० पासून एन्व्हिडियाकडे आहे. इथरनेटच्या बाजूने अल्ट्रा इथरनेट कन्सोर्टियम २०२३ मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमाण २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले.