बनावट आकाशातला त्रिशूळ

इंदुरातली रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या भिंती निवांत पाहाव्यात. टँकरमधून उडालेल्या शिंतोड्यांत कुणाला गणपती दिसतो, तर कुणाला घोडेस्वार. इंदुरातच अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने अशीच एक भिंत मला लॅपटॉपवर उघडून दाखवली आणि डावीकडच्या चार निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून म्हणाला, “मामा, हा बघा त्रिशूळ.” ती भिंत म्हणजे वैश्विक मायक्रोवेव्ह पार्श्वप्रारणाचा नकाशा होता आणि तिच्यावरचे शिंतोडे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचे होते.

विश्व साधारण ३,८०,००० वर्षांचे झाले तेव्हा ते पुरेसे निवळले आणि प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. विश्वाच्या प्रसरणाने ताणला गेलेला तोच प्रकाश आज सर्व दिशांनी मायक्रोवेव्हच्या रूपात येतो; हेच ते पार्श्वप्रारण. पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये तो जाहीर केला. त्याचे तापमान २.७२५ केल्विन आहे आणि जागोजागचे चढउतार लाखात एका भागाच्या घरातले आहेत. हे चढउतार युरोपच्या प्लँक यानाने २००९ ते २०१३ या काळात मोजले. त्यातून तयार झालेला ५,०३,३१,६४८ चौकटींचा नकाशा कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, त्यामुळे हौशी मंडळींनी त्यात वर्तुळे, चेहरे आणि सांकेतिक संदेश शोधावेत यात नवल नाही.

त्यांना हसण्यात मात्र अर्थ नाही, कारण जाणकारही याच वाटेने गेलेले आहेत. प्लँकच्या आधी हेच प्रारण मोजणाऱ्या ‘नासा’च्या डब्ल्यूमॅप यानाच्या शास्त्रज्ञांनी आपल्या सात वर्षांच्या निरीक्षणांवरील लेखात मुद्दाम दाखवून दिले की नकाशात ‘एस’ आणि ‘एच’, म्हणजे स्टीफन हॉकिंग यांची आद्याक्षरे, सारख्या आकाराची आणि एका रेषेत उमटलेली दिसतात. नेमकी हीच अक्षरे नेमकी याच जागी येण्याची शक्यता नगण्य आहे, तरीही त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण अक्षरे कोणती शोधायची हे ती दिसल्यानंतर ठरले. समजा, एखादा आकार केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एक आहे. असे एकमेकांशी संबंध नसलेले शंभर आकार शोधले, तर त्यांपैकी निदान एक सापडण्याची शक्यता ६३ टक्के होते, आणि डोळा तर नकळत हजारो आकार शोधत असतो.

यापेक्षा बोधप्रद प्रकरण २०१० मधले आहे. गुरझाद्यान आणि रॉजर पेनरोज या भौतिकशास्त्रज्ञांनी असा दावा केला की नकाशात एकाच केंद्राभोवतीची अशी वर्तुळे आहेत, ज्यांच्यावर तापमानाचे चढउतार नेहमीपेक्षा कमी आढळतात, आणि ही वर्तुळे महास्फोटापूर्वीच्या विश्वाची खूण आहेत. काही आठवड्यांतच तीन स्वतंत्र शोधनिबंधांनी हा दावा खोडला. त्यांपैकी एक निबंध अमीर हाजियन यांचा होता. हे हाजियन पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत डॉ. तरुण सौरदीप यांच्याबरोबर याच विषयात तयार झालेले. गंमत अशी की वर्तुळे खरोखरच होती, पण ती संगणकावर रचलेल्या बनावट आकाशांतही तितकीच सापडत होती.

मूळ दाव्यातली चूक बनावट आकाशाच्या पोतात होती. प्रत्येक चौकटीला सुटी, शेजारणीशी संबंध नसलेली यादृच्छिक संख्या दिली, तर वाळू भुरभुरल्यासारखे आकाश तयार होते. खऱ्या आकाशाचा पोत तसा नसतो. आरंभीच्या तप्त, विद्युतभारित वायूत ध्वनिलहरी फिरत होत्या, त्यामुळे तिथले ठळक ठिपके साधारण एक अंशाचे, म्हणजे पौर्णिमेच्या दोन चंद्रांएवढे रुंद असतात, आणि लहानमोठ्या ठिपक्यांचे आपसांतले प्रमाणही ठरलेले असते. ते प्रमाण सांभाळून आकाश रचले, की शेजारच्या चौकटी एकमेकींना धरून राहतात आणि वर्तुळे, त्रिकोण आपोआप उमटू लागतात. भाच्याने मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीने अशी हजार आकाशे काढायला घेतली. दहावे आकाश यायच्या आतच एक बऱ्यापैकी त्रिशूळ निघाला आणि भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

म्हणून सगळेच आकार थोतांड ठरत नाहीत. डिसेंबरच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास इंदुरातून दक्षिणेकडे साधारण ४८ अंश उंचीवर पाहिले, तर आपण ज्याला ‘थंड डाग’ म्हणतात त्या दिशेला पाहत असतो, अर्थात डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. नकाशातला सुमारे दहा अंश रुंदीचा, आसपासपेक्षा थंड असा हा डाग २००४ मध्ये निदर्शनास आला. त्यावर आजही चर्चा चालते, पण तो किती विलक्षण आहे हे मोजण्याच्या साच्यावर अवलंबून असते. साधी चकती घेऊन मोजल्यास तो फारसा वेगळा उठून दिसत नाही. शिवाय आपल्याला आकाश एकच मिळाले आहे, त्यामुळे पुन्हा दुसरे मोजून खात्री करण्याची सोय नाही.

उपाय उरतो तो त्याच प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा, म्हणजे त्याच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात ते पाहण्याचा. तापमानाच्या नकाशात दिसलेल्या आकारामागे खरे भौतिक कारण असेल, तर त्याची खूण बहुधा ध्रुवीकरणाच्या नकाशातही मिळायला हवी. भाच्याने आता एका कागदावर कोणता आकार, कोणत्या जागी, किती रुंदीचा शोधायचा हे तारीख घालून लिहिले आहे आणि तो कागद माझ्याकडे ठेवायला दिला आहे. ध्रुवीकरणाची फाइल त्याच्या लॅपटॉपवर आहे, पण त्याने ती अजून उघडलेली नाही.