शेंगांच्या मुळावरच्या गाठी आणि जिवाणूचं पाकीट : हे आलं कुठनं?

पन्हाळा, कागल, गडहिंग्लजकडं भुईमुगाच्या शेंगा काढताना मुळावरच्या बारीक गाठी सगळ्यांनी बघितल्यात. पण त्या कशासाठी असतात हे लई वर्षं जगालाच कळलं नव्हतं, लोक त्याला कीड नाहीतर रोग समजायचे. १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थनी दाखवलं की शेंगवर्गीय पिकं या गाठींच्या जोरावर हवेतला नत्र (नायट्रोजन) वापरतात, आणि १८८८ ला हॉलंडच्या बायरिंकनं त्यातला जिवाणू (आजचं नाव रायझोबियम) वेगळा काढला. पुढच्या दहा वर्षांच्या आत तिकडं हे जिवाणू विकायलासुद्धा आले! जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरनं हवेतल्या नत्रापासून अमोनिया (ज्यापासून युरिया बनतो) करून दाखवला तो १९०९ ला आणि मोठा कारखाना १९१३ ला, म्हणजे जिवाणू खत हे युरियाच्या पोत्यापेक्षा जुनं आहे, नवीन फॅड नाही.

भारतात एन. व्ही. जोशींनी १९२० मध्ये यावर अभ्यास मांडला. पण हरितक्रांतीत सगळा जोर रासायनिक खतांच्या पोत्यांवर गेला आणि केंद्राची जैविक खतांची राष्ट्रीय योजना यायला १९८३ उजाडलं. आपल्याकडं हे जिवाणूचं पाकीट बियाण्याला लावायला लागतो गूळ, त्याची काय कमी नाही :) गुळाचं पाणी थंड करून त्यात २५० ग्रॅमचं पाकीट कालवायचं, १० किलो बियाण्याला हलक्या हातानं चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम शेवटी. आणि सोयाबीनचं उरलेलं पाकीट शेंगांना चालत नाही, जिवाणू वेगळा आहे.

जिथं दरवर्षी शेंगा होतात तिथं जमिनीत मूळचेच जिवाणू असतात म्हणून फरक कमी दिसतो, पण भाताच्या पाणथळ रानात ते कमी झालेले असतात, तिथं पाकीट जास्त कामाला येतं. मला सगळ्यात वाईट वाटतं ते पाकीट लावून वर युरिया फेकण्याचं, आयता नत्र मिळाला की झाड गाठीच कमी धरतं, मग त्या पाकिटाचा उपयोग काय? फुलोऱ्यात एक वेल उपटा आणि गाठ नखानं फोडून बघा, आत गुलाबी-लाल असली तर ती काम करतीय. शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) अशी आहे, त्यातला नत्राचा भार या गाठी हलका करतात. स्फुरद आणि आऱ्या (फुलातनं जमिनीत जाणारे देठ) सुटताना द्यायचं जिप्सम मात्र रायझोबियम देत नाही, ते घालावंच लागतं.