पळीभर तेलाचा हिशेब

जुलैमध्ये बेळगावला झड धरली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, दांडीवरचे कपडे वाळत नाहीत आणि दिवेलागणीलाच घराघरांतून फोडणीचा वास येऊ लागतो. अशा दिवसांत माणसाला कोशिंबीर नको असते. त्याला वाफाळता भात हवा असतो, त्यावर लाल तवंगाची आमटी हवी असते आणि जमले तर ताटाच्या कडेला एखादे मिरची भजे हवे असते. नेमक्या अशाच एका जुलैमध्ये आमच्या घरी एका सल्ला केंद्रातून छापील आहारतक्ता आला. सकाळी ओट्स, दुपारी उकडलेली ब्रोकोली आणि रात्री सूप असा त्याचा थाट होता. तक्त्यातील आकडेमोड चुकीची नव्हती. मात्र ती करणाऱ्याने शहापुरातले किंवा खानापुरातले स्वयंपाकघर कधी पाहिलेले नसावे. तक्ता फ्रिजवर तसाच चिकटून राहिला आणि दहा-बारा दिवसांत घर पुन्हा आमटी-भातावर आले.

त्यानंतर मी उलट बाजूने विचार करू लागले. आमटी सोडायची नसेल, तर तिच्यातले नेमके काय कमी केले म्हणजे ती आमटीच राहील? हा प्रश्न जितका पाककलेचा आहे, तितकाच रसायनशास्त्राचा आणि शरीरशास्त्राचाही आहे.

पहिले काम मोजमापाचे होते. फोडणीची पळी पाण्याने भरून औषधाच्या मापाने मोजली, तेव्हा ती १५ मिलिलिटरची निघाली. तेल पाण्यापेक्षा थोडे हलके असल्यामुळे एवढ्या तेलाचे वजन सुमारे १४ ग्रॅम भरते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर पिष्ट आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून ४ मिळतात; म्हणजे एका पळीत सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी बसतात. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी सुमारे १६५ किलोकॅलरी देते. ज्या घरात ‘एक भाकरी कमी खा’ असे बजावले जाते, त्याच घरात पाऊण भाकरीएवढी पळी कोणी मोजत नाही, ही गंमत मला हिशेब मांडल्यावरच कळली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाला २,००० किलोकॅलरींचा आहार घेणाऱ्या माणसासाठी तेल-तुपाचे माप २७ ग्रॅम धरले आहे. आमच्या पळीने ते दोन पळ्या होते, आणि त्यांत सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या भाजीपर्यंत सर्व काही आले.

केवळ तेल कमी करून भागत नाही, कारण पोटालाही समाधान लागते. येथे ऊर्जाघनता ही कल्पना उपयोगी पडते. एक ग्रॅम अन्नातून किती किलोकॅलरी मिळतात, याला ऊर्जाघनता म्हणतात. तेलाची ऊर्जाघनता ९, शिजलेल्या भाताची सुमारे १.३ आणि पातळ आमटीची त्याहून बरीच कमी असते, आणि हा फरक मुख्यतः पाण्यामुळे पडतो. मात्र हे पाणी अन्नाच्या आत असावे लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २४ महिलांना जेवणाआधी कोंबडी, भात आणि भाज्या यांचा एक पदार्थ दिला. कधी तो नुसताच दिला, कधी सोबत पेलाभर पाणी दिले, तर कधी तेवढेच पाणी त्यात मिसळून त्याचे सूप केले. तिन्ही वेळा ऊर्जा सारखीच होती. सोबत पाणी प्यायल्याने पुढच्या जेवणात काहीच फरक पडला नाही. सूप घेतल्यावर मात्र त्या महिलांनी सुमारे १०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या. आपल्याकडे ताटात वाटी भरून आमटी किंवा रस्सा वाढून घेण्याची रीत आहे, ती या निष्कर्षाशी किती जुळते ते पाहा. ताटाशेजारच्या तांब्यातले पाणी तहान भागवते, वाटीतले पाणी भूकही भागवते.

ही कल्पना हाती लागल्यावर मी उत्साहाने आमटीतले तेल चार पळ्यांवरून एका पळीवर आणले, ते नेहमीप्रमाणे सुरुवातीलाच घातले आणि पाणी वाढवले. पहिला घास घेऊन सासूबाई म्हणाल्या, “हे काय गं, नुसतं गरम पाणी लागतंय.” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

चूक कोठे झाली, हे समजण्यासाठी फोडणीत काय घडते ते पाहावे लागेल. मोहरीचा झणका, जिऱ्याचा वास, हिंगाचा उग्र दर्प, तिखटाचा जाळ आणि त्याचा लाल रंग हे सारे ज्या रेणूंमुळे जाणवते, त्यांतील बहुतेक तेलात सहज विरघळतात आणि पाण्यात फारसे विरघळत नाहीत. मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिनमुळे येतो, तिचा लाल रंग कॅप्सॅन्थिनमुळे. दोन्ही तेलाचे सोबती आहेत. म्हणून तेल हे चवीचे वाहन आहे, असे म्हणता येईल. पण आरंभी घातलेले तेल डाळीबरोबर अर्धा तास उकळते तेव्हा डाळीतील प्रथिने आणि पिष्ट त्याचे बारीक थेंब आपल्यात सामावून घेतात, आणि उडून जाणारे सुवासिक रेणू वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतात. शेजाऱ्यांना वास येतो, वाटीत तो उरत नाही. तेलातली ऊर्जा मात्र जशीच्या तशी वाटीत राहते.

तेच एक पळी तेल शेवटी घातले तर चित्र पालटते. डाळ बिनतेलाची शिजवून, घोटून, पाणी आणि मीठ घालून उकळून घ्यावी. वाढायच्या आधी लहान कढल्यात तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, जिरे, हिंग आणि ठेचलेला लसूण घालावा, लसूण तांबूस झाला की गॅस बंद करून दहापर्यंत अंक मोजावेत आणि मगच लाल चटणी घालावी. आमच्या भागात चटणी म्हणजे कांदा-लसणाचे तिखट, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. तेल फार तापलेले असेल तर तिखट क्षणात जळते आणि रंगाऐवजी करपट कडवटपणा येतो. ही फोडणी आमटीवर ओतून ढवळू नये, झाकण ठेवावे. आता तेल पृष्ठभागावरच राहते. वाटी तोंडाशी नेताच पहिला वास त्या तवंगाचा येतो, जिभेला पहिला स्पर्श त्याचाच होतो आणि घास गिळताना घशामागून नाकाकडे जाणारी वाफही तोच सुगंध नेते. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा खरे तर हा वासच असतो. चार पळ्यांच्या आमटीची सर एका पळीला येते, असा माझा दावा नाही. परंतु दोन पळ्यांच्या आमटीशी ती नक्कीच टक्कर देते, आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, हा पुरावा मला पुरेसा वाटला.

रस्स्याचे काम याहून अवघड आहे, कारण त्यात वाटण असते. वाटण तेलात परतण्यामागे कारण आहे. पाण्यात उकळणाऱ्या पदार्थाचे तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच अडकते, आणि कांद्याला तपकिरी रंग व खमंगपणा देणारी मेलार्ड अभिक्रिया त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला वेग घेते. तेल ते तापमान सहज गाठते. म्हणूनच बिनतेलाचे वाटण थेट पाण्यात घातले की रस्सा कच्चा लागतो. पण तापमान हवे असेल तर तेलच हवे असे नाही. कांदा सालीसकट आचेवर भाजावा, किंवा उभा चिरून लोखंडी तव्यावर झाकण ठेवून कोरडाच भाजावा आणि तळाला लागू लागला की चमचाभर पाण्याचा शिपका देऊन तळाचा तपकिरी थर सोडवून घ्यावा. तो थर म्हणजेच खमंगपणा आहे, तो घासणीने धुऊन टाकणे हा अपव्यय होय. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो, त्यामुळे ते निम्मे करून उरलेला दाटपणा मूठभर डाळ्याने आणावा. डाळे भाजलेलेच असल्याने त्याचा कच्चट वास येत नाही आणि त्यातील पिष्ट रस्स्याला अंग देते. शेंगदाण्याच्या कुटाबाबत मात्र हात आवरता घ्यावा. दाण्यात सुमारे २५ टक्के प्रथिने असतात हे खरे, पण जवळपास निम्मे वजन तेलाचे असते. तेव्हा वांग्यात कूट भरायचा असेल तर वरचे तेल त्या मानाने कमी करावे.

आता भाताकडे वळू. आपल्या जिल्ह्यात खानापूरच्या बाजूला भात हेच मुख्य अन्न, तर पूर्वेकडे अथणीच्या दिशेने जावे तशी ज्वारीची भाकरी ताटाच्या मध्यावर येते. आहारतक्ते भाताला सर्वांत आधी हद्दपार करतात, आणि त्यावर उतारा म्हणून समाजमाध्यमांवर एक युक्ती फिरते: भात शिजवून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी गरम करून खा, निम्म्या कॅलरी गायब! यातले विज्ञान खरे आहे, आकडा मात्र खोटा आहे. शिजताना तांदळातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची घट्ट रचना सैल होते. भात थंड झाला की त्यातील अमायलोज या पिष्टप्रकाराच्या लांब साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि काही भाग आतड्यातील पाचकरसांना दाद देत नाही. त्याला प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. इंडोनेशियात केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम, तर २४ तास चार अंशांवर ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आढळले. त्या १५ निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील साखर गार करून गरम केलेल्या भाताने कमी चढली, हे महत्त्वाचे आहे. कॅलरींचा हिशेब मात्र स्वतः करून पाहा: वाढ एका ग्रॅमची, आणि प्रतिरोधी पिष्टातूनही मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या कृपेने ग्रॅममागे सुमारे दोन किलोकॅलरी मिळतातच. म्हणजे १३० किलोकॅलरींच्या भातात बचत झाली दोनाची.

तरीही फोडणीचा भात हा शिळ्या भाताचाच करावा, कारण तो मोकळा होतो आणि कमी तेलात परतता येतो. फक्त रात्रीचा भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवण्याची आपली सवय मोडली पाहिजे. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत, उबेत ते वाढतात, आणि त्यांनी तयार केलेले ओकारी आणणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून भात परातीत पसरून लवकर गार करावा आणि तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवावा.

ताज्या भातासाठी माझा उपाय साधा आहे: कमी पण सुवासिक. बेळगाव बासमतीचा दाणा आपल्या शिवारातला. सुवासिक तांदळांचा गंध मुख्यतः २-असिटिल-१-पायरोलीन या रेणूमुळे येतो आणि तो तांदळाचा स्वतःचा असतो, तुपाचा नव्हे. असा भात असेल तर तुपाची धार चमचाभर पुरते, आणि तीही भात वाढल्यावर वरून सोडावी. कारण आमटीच्या फोडणीचेच आहे.

भजी वर्ज्य करण्याची गरज नाही, ती रोजची करू नयेत एवढेच. तळताना पिठातील पाणी वाफ होऊन बाहेर धावत असते, तोवर तेलाला आत शिरायला वाव नसतो. भजे झाऱ्याने बाहेर काढल्यावर ते निवू लागते, आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचे तेल छिद्रांतून आत ओढले जाते. बरेचसे तेल अशा रीतीने कढईबाहेर शोषले जाते. त्यामुळे झारा कढईवरच दोन-तीनदा झटकावा आणि भजी गरम असतानाच कागदावर पसरावीत. ढीग करून ठेवू नयेत. सोडा जास्त झाला की छिद्रे वाढतात आणि तेलही वाढते.

राहिला कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई. तो हलका करण्याचे प्रयत्न मी दोनदा केले आणि दोन्ही फसले. म्हशीच्या एक लिटर दुधात सुमारे हजार किलोकॅलरी असतात. दूध आटवताना केवळ पाणी जाते, ऊर्जा सारीच्या सारी पातेल्यात राहते, आणि वर साखर पडते. हिशेबाने एक ग्रॅम कुंदा चार ते पाच किलोकॅलरींचा होतो. साखर थोडी कमी करता येते, कारण कुंद्याचा तो तपकिरी रंग आणि खरपूस वास मोठ्या प्रमाणात दुधातील लॅक्टोज आणि प्रथिने यांच्या मेलार्ड अभिक्रियेतून येतो. पण दुधाची साय कमी केली तर प्रथिनांचे धागे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि कुंदा रवाळ न होता रबरासारखा चिवट होतो. कमी स्निग्धांशाच्या खव्याचा हा ठरलेला दोष आहे. या पदार्थाला हात न लावता चमचा लहान करणे शहाणपणाचे. एकाच पदार्थाची गोडी घासागणिक ओसरत जाते, हे रोल्स यांनीच १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रयोगांतून दाखवले होते. अर्थात ज्याने कुंद्याचा सहावा चमचा नाइलाजाने खाल्ला आहे, त्याला ते आधीच ठाऊक असते. आमच्या घरी आता खरा कुंदा येतो, पंचवीस ग्रॅमचा एकेक तुकडा वाटीत काढला जातो आणि उरलेला डबा त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे जातो. काकू अजून आहारतक्त्यावर गेलेल्या नाहीत.