चक्रीय बांधकाम (मराठवाडा)

पाडलेल्या घराचे साहित्य वाया न घालवता पुन्हा बांधकामात आणण्याची पद्धत. नाव नवे, मराठवाड्यात रीत जुनी. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराला सागवानी खांब आणि तुळया, त्यांवर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर) आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. घर उकलले की तुळई दुसऱ्या घरात जाई, चिरे नव्या जोत्यात बसत आणि माती पुन्हा माळवदावर चढे. जुन्या देवळांचे कोरीव दगड गढीच्या भिंतीत दिसतात तेही याच रीतीने आलेले. गवंड्याला नक्षीशी देणेघेणे नसे, त्याला सपाट बाजू हवी असे.

ही रीत मोडली त्याचे मोठे कारण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप. सुमारे ८ हजार माणसे गेली, बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. जे सांधे घर सहज उकलू देत, तेच त्या पहाटे सुटले. दगडाची धास्ती बसली आणि लोक सिमेंट-स्लॅबकडे वळले. ती धास्ती चुकीची म्हणवत नाही; पण सिमेंटच्या मालात बसवलेली वीट काढताना फुटते, मातीतली किंवा चुन्यातली साफ निघते. आज घर पाडले की गज भंगारवाला नेतो, चौकटी जुन्या सामानाच्या दुकानात जातात आणि उरलेला मलबा ट्रॅक्टरने भरावाला किंवा नाल्याकाठी पडतो.

या मलब्यातल्या काँक्रीटची खडी करता येते. आयएस ३८३ (२०१६) हे भारतीय मानक साध्या काँक्रीटमध्ये अशी खडी २५ टक्क्यांपर्यंत, तर एम-२५ या ताकदीच्या दर्जापर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालवून घेते. परळीच्या औष्णिक केंद्राची राख विटांना आणि सिमेंटला उपयोगी पडते; मात्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्रच बंद पडले होते, तेव्हा राखेचा भरवसाही शेवटी पावसावरच.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी मलब्याच्या वर्गीकरणाची सक्ती दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्यांवर टाकली. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांतली उत्पादक-जबाबदारी (मलबा करणाऱ्यानेच त्याच्या पुनर्वापराची सोय लावणे) २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या बांधकामांना लागू आहे. तालुक्याच्या गावात पडणारे चार खणांचे घर या दोन्ही मापांत सहसा बसत नाही.