साहित्यिक व कलावंतांच्या नभोवाणी मुलाखती (कोकण किनारपट्टी)

नुकतेच प्रसिद्ध झालेले पुस्तक, रंगमंचावर आलेले नाटक, नवी बांधलेली चाल किंवा पूर्ण झालेली चित्रमालिका यांच्या निमित्ताने कर्त्याशी रेडिओवरून साधलेला संवाद. सत्कार, पुरस्कार किंवा पंचाहत्तरीच्या वेळी घेतलेल्या मुलाखतीपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. तिथे माणसाचे आयुष्य मुख्य असते, इथे त्याची ताजी कृती. तोवर परीक्षणे आलेली नसतात आणि वाचकांचा कौल कळलेला नसतो. आपण नेमके काय लिहिले, याचे ठरीव उत्तरही लेखकाने अजून तयार केलेले नसते. दहा वर्षांनी तोच लेखक त्याच पुस्तकाबद्दल बोलतो तेव्हा बरेचदा इतरांनी केलेली मांडणी त्याच्या तोंडून येते. अभ्यासकाला पहिल्या बोलण्याचे मोल जास्त वाटते ते यामुळेच.

कोकणात या प्रकाराला आणखी एक कारण आहे. इथला लेखक शिक्षणासाठी किंवा पोटासाठी मुंबईला जातो, त्याचे प्रकाशकही मुंबई-पुण्याचे असतात. देवगड किंवा गुहागर तालुक्यातल्या वाडीवर नवे पुस्तक पोहोचायला महिने लागतात, कधी ते पोहोचतही नाही. त्या वाडीवर लेखकाचा आवाज मात्र त्याच आठवड्यात पोहोचू शकतो. शिवाय इथल्या कित्येक कलांना छापील संहिताच नाही. अशा कलावंताच्या नव्या कामाची नोंद व्हायची तर ती त्याच्या बोलण्यातूनच होणार.

प्रसारण केंद्रे

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १९३० मध्ये कंपनी बुडाली, प्रसारण सरकारकडे आले आणि १९३६ पासून ते ‘ऑल इंडिया रेडिओ’ या नावाने चालले. पुढची कित्येक वर्षे कोकणच्या श्रोत्यांना मराठी भाषणे आणि मुलाखती मिळत त्या मुख्यतः मुंबई केंद्रावरून. पुढे ‘अस्मिता वाहिनी’ या नावाने ओळखले गेलेले ५५८ किलोहर्ट्झवरचे प्रसारण किनाऱ्यावर दूरवर ऐकू येई.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत १९४६ मध्ये ‘एमिसोरा दे गोवा’ हे केंद्र सुरू झाले होते. डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर ते आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. कोकणी आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या लेखकांना एकाच इमारतीत बोलायला जागा मिळाली, ही या केंद्राची खासियत. दोन्ही भाषांत लिहिणारे कवी बा. भ. बोरकर स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते. पुणे आणि पणजी या केंद्रांवर काम करून ते १९७० मध्ये निवृत्त झाले.

रत्नागिरी केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. दक्षिण कोकणाला तोवर स्वतःचे केंद्र नव्हते. मालवणच्या किंवा राजापूरच्या माणसाला रेडिओवर बोलायचे तर एक तर मुंबई गाठावी लागे किंवा पणजी. रत्नागिरी केंद्र झाले आणि गावच्या शाळेत शिकवत लिहिणारा कवी, गणपतीत नवी गाणी बांधणारा शाहीर, वेंगुर्ल्याचा एकांकिकाकार अशी माणसे सकाळच्या एसटीने येऊन ध्वनिमुद्रण आटोपून संध्याकाळी घरी परतू लागली. माझ्या मते कोकणातल्या नभोवाणी मुलाखतीचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

रत्नागिरी केंद्राची ओळख ११४३ किलोहर्ट्झ या मध्यलहरीशी जोडलेली आहे. या लहरीची निवड कोकणाच्या भूगोलाला मानवणारी होती. मध्यलहरीचा संदेश दिवसा जमिनीलगत पसरतो. कोरड्या, खडकाळ जमिनीवर तो लवकर क्षीण होतो, पण खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता जास्त असल्याने समुद्रावरून पुष्कळ लांब जातो. होडीवरच्या ट्रान्झिस्टरवर म्हणूनच केंद्र स्वच्छ लागते. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन दूरची केंद्रेही येऊ लागतात आणि आवाजात आवाज मिसळतो. एफएमचा आवाज अधिक निर्मळ, पण त्या लहरी सरळ रेषेत जातात. सह्याद्रीच्या सोंडा आणि खाड्यांच्या खोलगट भागांमुळे एका वाडीत खणखणीत लागणारे केंद्र शेजारच्या वाडीत अजिबात लागत नाही.

लेखक आणि केंद्र

केंद्राच्या खुर्चीवर लेखकच बसलेला असणे ही मराठी नभोवाणीची जुनी चाल. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते. वेंगुर्ल्यात जन्मलेले मंगेश पाडगांवकर काही वर्षे मुंबई केंद्रावर होते. वेंगुर्ल्याचेच चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आरती प्रभू कुडाळची खानावळ सोडून मुंबईला गेले तेव्हा त्यांनीही काही काळ तिथे नोकरी केली. पेणला जन्मलेले संगीतकार यशवंत देव आकाशवाणीच्या सुगम संगीत विभागात होते. प्रश्न विचारणारा स्वतः कविता लिहिणारा किंवा चाल लावणारा असला की संभाषण ‘तुम्हांला प्रेरणा कुठून मिळाली’ या प्रश्नावर अडत नाही. ते थेट एखाद्या ओळीवर, एखाद्या यमकावर, अंतऱ्यातल्या एखाद्या जागेवर येते.

मुलाखतकाराने पुस्तक वाचलेले असणे ही या प्रकाराची पहिली आणि, मला विचाराल तर, एकमेव अट आहे. अमेरिकेत शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी केंद्रावर स्टड्स टर्केल यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षे लेखक-कलावंतांशी संवाद केला. समासात खुणा केलेले, रेघा ओढलेले पुस्तक हातात घेऊन ते बसत. मराठीत अशी तयारी करणारे निवेदक झाले आणि आजही आहेत, पण सोय त्यांच्या बाजूने नसते. पुस्तक बहुधा लेखक स्वतः बरोबर आणतो. ते आदल्या दिवशीपर्यंत हाती आले नसेल तर मलपृष्ठावरच्या मजकुरावरून प्रश्न काढले जातात आणि श्रोत्याला ते दुसऱ्याच मिनिटाला कळते. कार्यक्रम अधिकाऱ्याने करारपत्राबरोबरच पुस्तकाची प्रत मागवून घ्यावी, हा साधा उपाय फार थोड्या ठिकाणी नेमाने पाळला जातो.

ध्वनिमुद्रणाची रीत

नेहमीचा अवकाश पंधरा मिनिटांचा. एवढ्या वेळात दीड ते पावणेदोन हजार शब्द मावतात. प्रास्ताविक, समारोप आणि एक वाचन वजा केले की लेखकाच्या वाट्याला सहा-सात उत्तरे येतात. दोघे मेजाच्या दोन बाजूंना बसतात, काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा असतो. आधी आवाजाची पातळी पाहण्यासाठी लेखकाला काहीतरी बोलायला सांगतात. इथे ‘एक, दोन, तीन’ म्हणायला लावू नये. सकाळी कुठून निघालात, वाटेत पाऊस होता का, असे विचारले की त्याचा खरा आवाज येतो. लाल दिवा लागल्यावर तोच आवाज पुढे चालू राहतो.

कविता किंवा उतारा वाचायचा असेल तर तो पुस्तकातून न वाचता सुट्या कागदावर एका बाजूने उतरवून आणायला सांगतात. पुस्तकाचे पान उलटल्याचा आवाज माइकमध्ये फार मोठा येतो. कागद मात्र मेजावरून न उचलता हलकेच बाजूला सरकवता येतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा श्वास थेट माइकवर आपटू नये म्हणून वाचणाऱ्याला थोडे तिरके बसवतात. पावसाळ्यात ही सगळी काळजी स्टुडिओबाहेर व्यर्थ जाते. कलावंताच्या घरी बाह्य ध्वनिमुद्रण असेल आणि वर पत्रे असतील तर सरीचा जोर ओसरेपर्यंत थांबण्याला पर्याय नसतो. कौलांखाली आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र आवाज छान कोरडा मिळतो.

लांबलेल्या विरामांचे काय करायचे हा प्रत्येक वेळचा प्रश्न. वेळेत बसवायला ते कापणे सोपे असते. पण बोलता बोलता लेखक थांबतो, शब्द शोधतो, आधीचे वाक्य मागे घेतो. ताज्या कृतीविषयीच्या मुलाखतीत नेमके तेच राखायला हवे. जाणता संपादक प्रश्न आखूड करतो आणि उत्तरातला थांबा राहू देतो.

बोली

कोकणातल्या लेखकाच्या मुलाखतीत भाषेचे एक वळण हमखास येते. सुरुवात प्रमाण मराठीत होते. कथेतल्या म्हातारीचा, खळ्यातल्या भांडणाचा किंवा होडीवरच्या तांडेलाचा विषय निघाला की लेखक नकळत मालवणीत, संगमेश्वरीत किंवा आगरीत शिरतो. मुलाखतकार त्याच भागातला असेल तर तोही तसाच बोलू लागतो आणि बोलण्याला वेग येतो. छापील पुस्तकात बोली संवादापुरती असते आणि तिचे लेखन लेखकागणिक बदलते. तिचा हेल, शेवटचा लांबवलेला स्वर, अनुनासिक उच्चार यांची नोंद आवाजातच होते. श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबऱ्यांतला हर्णै-मुरुडचा परिसर आणि जयवंत दळवींच्या लेखनातली आरवली वाचताना बाहेरच्या वाचकाला तो उच्चार कल्पनेनेच भरावा लागतो. मुलाखतकाराने लेखकाला मध्येच प्रमाण भाषेकडे ओढू नये. एखादा शब्द श्रोत्याला अडणार असे वाटले तर पुढच्या प्रश्नात त्याचा अर्थ सहज गुंफता येतो.

संहितेविना कलावंत

दशावतारी कलावंताला ‘तुमचे नवे काम’ विचारले की मुलाखतीची चौकटच बदलते. सिंधुदुर्गात आणि उत्तर गोव्यात जत्रांच्या हंगामात होणाऱ्या या नाट्यप्रकारात आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम ठरतो, पण संवाद रंगमंचावर उभे राहिल्यावर सुचतात. राजपार्ट करणाऱ्याने काल रात्री जे भाषण केले ते आज शब्दशः तसेच होणार नाही. नव्या आख्यानाबद्दल तो बोलतो तेव्हा कथानक सांगून थांबत नाही. युद्धापूर्वीचे आव्हान तो करूनच दाखवतो. उघड्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याची सवय असलेला तो आवाज असतो, त्यामुळे माइक हातभर मागे न्यावा लागतो. पेटी आणि झांज सोबत आणायला सांगितली तर मुलाखत दुप्पट बोलकी होते, कारण पदाची चाल कशी निवडली हे कलावंताला शब्दांत सांगण्यापेक्षा वाजवून दाखवणे सोपे जाते.

कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा रेडिओला अधिकच अवघड. रामायण-महाभारतातल्या एकेका कथेची चित्रे एका पोथीत असतात आणि कथेकरी ती एकामागून एक दाखवत गातो. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा कलावंताशी बोलताना चित्र श्रोत्याला दिसत नाही, म्हणून त्यालाच चित्र वर्णायला लावायचे: डोळा कुठे काढला, पायाची दिशा कोणती, या प्रसंगाला किती चित्रे घेतली आणि का. चांगला कथेकरी बोटाने दाखवत बोलतो आणि बोटाबरोबर वाक्यही पुढे सरकते. चित्रकलेवरचे इतके नेमके बोलणे कित्येक प्रदर्शनांच्या पुस्तिकांतही सापडत नाही.

रत्नागिरी-रायगडकडच्या जाखडीत, म्हणजे शक्ती-तुऱ्यात, शाहीर गणपतीसाठी नवी गाणी बांधतो आणि समोरच्या पक्षाला त्यांतून सवाल टाकतो. ही गाणी वहीत असतात. अनेक मंडळांचे शाहीर मुंबईत नोकरीला, त्यामुळे मुलाखतीची वेळ चाकरमानी गावी आल्यावरचीच साधावी लागते.

जतन

या विषयातली सर्वांत मोठी हानी इथे झाली आहे. पूर्वी ध्वनिमुद्रण पाव इंची चुंबकीय फितीवर होत असे. फिती महाग, म्हणून प्रसारणानंतर मजकूर पुसून तीच फीत पुन्हा वापरली जाई. संग्रहासाठी निवडलेलेच राही आणि निवडताना नामवंतांचे पारडे जड होई. पहिल्या कवितासंग्रहावर बोलायला आलेला तरुण तेव्हा नामवंत नसे. त्याचे ते बोलणे पुढे कधीच ऐकायला मिळाले नाही. राहिलेल्या फितींना कोकणच्या दमटपणाने गाठले. फितीवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारे द्रव्य बाष्प शोषते, चिकट होते आणि वाजवताना थर सुटून येतो. बुरशीही धरते.

पुस्तकांवरचे संकट निदान दिसते तरी. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली ग्रंथसंपदा पाण्यात गेली आणि त्याची सर्वत्र वाच्यता झाली. छापील पुस्तकाच्या प्रती इतरत्र असतात, त्या पुन्हा मिळवता येतात. मुलाखतीची फीत मात्र एकच असते. लेखकांच्या घरी मात्र अजून काही सापडण्यासारखे आहे: प्रसारणाच्या वेळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या कॅसेटी. त्यात घरातली भांडी वाजतात, कुत्रा भुंकतो, तरी शब्द कळतात. १८२८ पासून चालत आलेले रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय, मालगुंडचे केशवसुत स्मारक उभारणारी कोकण मराठी साहित्य परिषद (स्थापना १९९१) आणि गावोगावची वाचनालये यांनी अशा कॅसेटी गोळा करून संगणकावर उतरवल्या तर बरेच काही वाचेल. उतरवताना तारीख, केंद्र, कृतीचे नाव, मुलाखतकार आणि बोली एवढ्या पाच नोंदी हव्यातच. बिननोंदीची ध्वनिफीत पुढच्या माणसाला जवळपास निरुपयोगी ठरते.

सद्यःस्थिती

आकाशवाणीची केंद्रे आता मोबाइलवरच्या ‘न्यूजऑनएअर’ ॲपवरही ऐकता येतात, त्यामुळे डोंगराआडच्या श्रोत्याची आणि मुंबईतल्या चाकरमान्याची अडचण बरीच कमी झाली. पॉडकास्टवर तास-दीड तासाच्या मुलाखती होऊ लागल्या आहेत. वेळेची मुभा मिळाली, पण ऐसपैस बोलण्यात कृती मागे पडून व्यक्तीच पुढे येण्याचा धोका तिथे जास्त आहे. पंधरा मिनिटांच्या बंधनाने मुलाखतकाराला पुस्तकापाशी राहायला भाग पाडले होते. प्रादेशिक केंद्रांवर आज मुलाखती घेतात त्या बहुतेक नैमित्तिक निवेदक: कुणी शिक्षक, कुणी बँकेतला कर्मचारी, कुणी स्वतः लिहिणारी गृहिणी. मानधन थोडे असते आणि पुस्तक वाचायला लागलेला वेळ त्यात धरला जात नाही.