शांतिसेना, संयुक्त राष्ट्रांची

सुरक्षा परिषदेच्या, क्वचित आमसभेच्या, ठरावानुसार सदस्य राष्ट्रांनी तात्पुरत्या दिलेल्या तुकड्यांचे दल. पक्षांची संमती, निःपक्षपात आणि स्वसंरक्षण व सोपवलेल्या कामाचे रक्षण यांपुरताच बळाचा वापर, ही तिची तीन तत्त्वे.

तिचा आरंभ केव्हापासून धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १९४८ मध्ये पॅलेस्टाइनला पाठवलेल्या निरीक्षकांपासून धरतात; काश्मीरमधील निरीक्षक १९४९ च्या जानेवारीत आले. पण हे निरीक्षक निःशस्त्र होते. त्यामुळे नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझसाठी उभारलेले सशस्त्र दल हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कायदेशीर आधाराचा वाद याहून बिकट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ‘शांतिरक्षण’ हा शब्दच नाही. सहावे प्रकरण तंट्यांच्या शांततामय सोडवणुकीचे, सातवे सक्तीच्या कारवाईचे. शांतिसेना या दोहोंच्या मधली; त्यामुळे ‘साडेसहावे प्रकरण’ हा शब्दप्रयोग रूढ झाला (तो सरचिटणीस डाग हामारशल्ड यांच्या नावावर सांगितला जातो). कलम ४३ अन्वये राष्ट्रांनी करार करून परिषदेसाठी सैन्य राखून ठेवायचे होते. या सैन्याची रूपरेषा ठरवणाऱ्या लष्करी कर्मचारी समितीत १९४७ मध्येच बड्या राष्ट्रांचे बिनसले आणि असा एकही करार आजवर झालेला नाही. स्वतःचे सैन्य नसल्याने कोरियासाठी (१९५०) परिषदेने मदतीची शिफारस केली, कुवेतसाठी (१९९०, ठराव ६७८) ‘सर्व आवश्यक उपायांची’ मुभा दिली. युद्धाची सूत्रे दोन्ही वेळा अमेरिकेच्या हाती राहिली. सुएझ व काँगो मोहिमांचा खर्च संस्थेचाच आहे, असे सल्लागार मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये दिले; तरीही फ्रान्स व सोव्हिएट संघ यांनी काँगोचा वाटा भरला नाही.

आदेश मोठा आणि बळ तोकडे, हे अपयशाचे सर्वांत ठळक कारण. बोस्नियातील ‘सुरक्षित क्षेत्रां’साठी १९९३ मध्ये सुमारे ३४,००० सैनिकांचा अंदाज होता, परिषदेने ७,६०० मंजूर केले. हवाई हल्ल्याला संयुक्त राष्ट्रे व नाटो या दोघांचीही संमती लागे. ११ जुलै १९९५ रोजी विमाने आली तेव्हा त्यांपैकी एक असलेले स्रेब्रेनिका पडत होते. पुढच्या काही दिवसांत सुमारे ८,००० पुरुष व मुलगे मारले गेले. रवांडात, वंशसंहार चालू असतानाच, २१ एप्रिल १९९४ च्या ठरावाने दल २७० वर आणण्याचे ठरले.

तुकड्या मायदेशी विचारल्याशिवाय हलत नाहीत, हा दोष शांतिमोहिमांच्या सुधारणेविषयीच्या ब्राहिमी अहवालानंतरही (२०००) उरला. त्या अहवालाने ३० दिवसांत, गुंतागुंतीच्या मोहिमेत ९० दिवसांत, दल पोहोचावे असे सुचवले होते. काँगोत २०१३ मध्ये ३,०६९ सैनिकांच्या ब्रिगेडला थेट आक्रमक कारवाईचा अधिकार मिळाला. त्या वर्षी एम-२३ या बंडखोर गटाचा पराभव झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गटाने पूर्व काँगोतील गोमा शहर पुन्हा घेतले, तेव्हा शांतिसेना तेथेच होती.